नट निघाले, पण चाक हबला धरून बसले: किनाऱ्यावरच्या जुन्या गाड्यांसाठी समस्या निवारण

लक्षणे

गाडी जॅकवर आहे, सगळे नट काढून बाजूला ठेवले आहेत, टायर जमिनीपासून सुटलेला आहे आणि तरीही चाक जागचे हलत नाही. दोन्ही हातांनी ओढले तर सगळी गाडी जॅकवर डुलते, पण चाक आणि त्यामागचा हब (ज्या फिरत्या लोखंडी भागावर चाक बसते तो) यांच्यात केसाएवढीही फट पडत नाही. मधली प्लास्टिकची टोपी काढली की रिमच्या मध्यभागी असलेल्या गोल भोकाच्या कडेने तपकिरी गंजाचे कडे दिसते. चाक अलॉयचे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असेल तर त्याच जागी पांढरी भुकटी साचलेली असते. स्टडच्या (ज्या आटेदार दांड्यांवर नट चढतात त्यांच्या) भोकांतून रिमवर उतरलेले तांबूस ओघळ हे या दुखण्याचे आधीचे चिन्ह होय. ते दिसत असतील तर चाक आज निघत असले तरी पुढच्या पावसाळ्यानंतर निघेलच असे नाही.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या जुन्या गाड्यांची अशी चाके काढण्याचे काम माझ्या वाट्याला वारंवार येते. त्यांतील बहुतेक चाके फारसा खर्च न करता निघतात, मात्र उपायांचा क्रम पाळावा लागतो. घण सगळ्यांनाच आधी आठवतो, पण त्याची पाळी सर्वांत शेवटी यायला हवी.

याच्याशी मिळतीजुळती दिसणारी दोन दुखणी आधी वेगळी काढावीत. पहिले म्हणजे ब्रेक धरणे. पावसात काही दिवस हँडब्रेक ओढून उभ्या ठेवलेल्या गाडीचे मागचे ब्रेकशू ड्रमला चिकटतात. चाक उचलून, हँडब्रेक सोडून आणि गिअर काढून ते हाताने फिरवून पाहावे. फिरत नसेल तर दोष ब्रेकचा आहे आणि खालील उपायांचा तिथे उपयोग नाही. दुसरे म्हणजे नटच न सुटणे किंवा नटाबरोबर स्टड फिरणे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

चाक नेमके कुठे धरते

हबच्या मध्यभागी एक गोल उंचवटा असतो आणि रिमचे मधले भोक त्याच्यावर जेमतेम बसेल एवढेच मोठे ठेवलेले असते, जेणेकरून चाक बरोबर केंद्रात यावे. गंज भरतो तो या दोहोंमधल्या अरुंद फटीत. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे फट भरल्यानंतरही तो फुगत राहतो आणि रिमला चारही बाजूंनी आवळतो. रिमची सपाट पाठ आणि हब यांच्यामध्येही गंज धरतो, पण मुख्य पकड त्या मधल्या कड्याची असते. हे लक्षात आले की तेल कुठे सोडायचे आणि जोर कोणत्या दिशेने लावायचा, हे आपोआप ठरते.

अलॉयच्या बाबतीत कारण थोडे वेगळे आहे. ॲल्युमिनियमची रिम आणि लोखंडी हब एकमेकांना टेकलेले असताना मध्ये खारे पाणी शिरले, तर तिथे विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि झिजते ते ॲल्युमिनियम. पांढरी भुकटी म्हणजे त्याचाच क्षार. हा थर गंजापेक्षा घट्ट बसतो, असा माझा अनुभव आहे.

गाडी पडवीत झाकून ठेवलेली असतानाही गंज का धरतो, असे अनेकजण विचारतात. साध्या मिठाचा गुण असा आहे की हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली, की ते हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळू लागते. कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर या काळात हवेतील आर्द्रता बहुतेक वेळ त्या मर्यादेच्या वरच असते. त्यामुळे खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेले मीठ एकदा का हबच्या फटीत शिरले, की वर छप्पर असले तरी तिथला ओलावा सुकत नाही. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, गाडी नेणे किंवा दाभोळ-धोपावेसारख्या फेरीबोटीवर चढता-उतरताना चाके खाऱ्या पाण्यातून जाणे, याने त्यात भर पडते. गुहागर, हर्णै, मालवण, वेंगुर्ले अशा गावांत समुद्राला लागून राहणाऱ्यांच्या गाड्या आणि घाटमाथ्यावरच्या गाड्या यांच्या हबमध्ये जो फरक दिसतो, तो यामुळेच.

गाडी उचलण्याआधी

जुन्या किनारी गाडीत चाकाआधी जॅक लावण्याची जागा तपासावी. दरवाज्याखालची पट्टी बाहेरून रंगामुळे चांगली दिसते, पण आतून पोखरलेली असते. पान्याच्या मुठीने तिथे ठोकून पाहावे. आवाज बद्द आला, रंगाचे पापुद्रे सुटले किंवा पत्रा बोटाने दबला, तर तिथे जॅक लावू नये. जॅकचे टोक पत्र्यातून वर घुसते आणि गाडी अंगावर येते. अशा वेळी गॅरेजवाल्याला बोलावून सस्पेन्शनच्या भक्कम भागाखाली जॅक लावून घ्यावा.

जमीन सपाट आणि टणक असावी. पावसाने भिजलेल्या लाल मातीत जॅक रुततो, म्हणून त्याखाली जाड फळी घालावी. पुढचे चाक काढायचे असेल तर हँडब्रेक ओढावा आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. मागचे चाक काढायचे असेल तर हँडब्रेकचा आधार अर्धाच उरतो, कारण तो मागच्याच चाकांवर चालतो; म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवून पुढच्या दोन्ही चाकांना दगड लावावेत.

एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. गाडीखाली आधार म्हणून जांभ्याचा चिरा ठेवण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. भिंतीत चिऱ्यावर भार सगळीकडे सारखा पसरतो. गाडीच्या खालच्या कडेचा भार मात्र बोटभर जागेवर येतो आणि सच्छिद्र चिरा कोणतीही सूचना न देता फुटतो. धक्के द्यायचे असतील त्या वेळी तर गाडीखाली लोखंडी घोडीच (ॲक्सल स्टँड) हवी. चिऱ्याचा उपयोग चाकापुढे अडण म्हणून करावा, गाडीखाली कधीही करू नये.

आधी पाहण्याचे उपाय

सगळे नट खरोखरच निघाले आहेत का, हे प्रथम मोजावे. काही चाकांवर चोरीविरोधी कुलपाचा एक नट वेगळ्या टोपीखाली दडलेला असतो. काही गाड्यांत मोठी व्हीलकॅप नटांखाली दाबून बसवलेली असते. या तपासणीला मिनिटभर पुरते. ती न करता घण उचलणाऱ्याचा एखादा स्टड हकनाक जातो.

टायर ट्यूबलेस असून केवळ पंक्चरमुळे चाक काढायची वेळ आली असेल, तर थोडे थांबून विचार करावा. खिळा टायरच्या जमिनीवर चालणाऱ्या भागात असेल तर पंक्चरवाला चाक न काढताही जागेवरच पट्टी घालून हवा भरू शकतो. रस्त्याच्या कडेला, अंधारात, पावसात चिकटलेल्या चाकाशी झगडण्यापेक्षा हा मार्ग पुष्कळ बरा. चाक मग दुसऱ्या दिवशी अंगणात काढता येते.

गाडीच्या वजनाचा उपयोग

यानंतरचा उपाय फुकटचा आहे आणि माझ्या मते सर्वांत गुणकारी. सगळे नट पुन्हा हाताने पूर्ण चढवावेत आणि मग प्रत्येक नट एक ते दीड फेरा उलटा फिरवून सैल ठेवावा. जॅक उतरवून गाडी चाकांवर आणावी. आता एकाने गाडीच्या छताला किंवा फेंडरला धरून ती आडवी, म्हणजे डावीकडून उजवीकडे, लयीत हलवावी. हबवर येणारा गाडीचा भार दर हेलकाव्याला गंजाच्या कड्यावर तिरका पडतो आणि ते कडे तडकते. हाताने ओढताना लागणारा जोर याच्यापुढे काहीच नाही. शिवाय गाडी जॅकवर नसल्यामुळे पडण्याची भीती नसते.

एवढ्याने काम झाले नाही तर त्याच स्थितीत गाडी अंगणातल्या अंगणात हात-दोन हात पुढे घेऊन हलका ब्रेक मारावा, मग तेवढीच मागे घेऊन पुन्हा मारावा. काच खाली ठेवून कान द्यावा. गंज सुटताना ‘टक्’ असा एकच कोरडा आवाज येतो. तो ऐकू येताच थांबावे, कारण त्यापुढची प्रत्येक हालचाल सैल चाक स्टडवर आपटवते आणि आटे खराब करते. टायरमध्ये हवा नसेल तर इंजिन चालू न करता गाडी ढकलूनच हलवावी. नट सैल ठेवून गाडी रस्त्यावर काढणे, उतारावर नेणे किंवा ‘जवळच तर गॅरेज आहे’ म्हणून तशीच चालवत नेणे हे जिवावरचे काम आहे. ते कोणत्याही कारणाने करू नये. आवाज आला की गाडी उचलण्यापूर्वी नट हलके आवळावेत आणि मग नेहमीच्या पद्धतीने चाक काढावे.

तेल आणि वाट पाहणे

वरचा उपाय लागू पडला नाही तर गंज सोडवणाऱ्या स्प्रेचा डबा आणावा. गॅरेजमध्ये त्याला रस्ट रिमूव्हर म्हणतात; डब्ल्यूडी-४० सगळीकडे मिळते. स्प्रे मारण्याआधी रिमचे मधले भोक आणि हबचा उंचवटा यांच्यामधल्या कडेवरची गंजाची खपली पातळ स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने खरवडावी. खपली तशीच राहिली तर तेल तिच्यावरून ओघळून खाली जाते आणि फटीत शिरतच नाही. कडेने गोल फिरवत थोडे थोडे तेल सोडावे, मग स्टडच्या भोकांतून रिमच्या पाठीमागे जाईल इतपत सोडावे. नळी लावून नेमके मारावे, कारण हे तेल ब्रेकच्या डिस्कवर, पॅडवर किंवा ड्रमच्या आत गेले तर चाक निघेल, पण गाडी थांबणार नाही. चुकून डिस्कवर उडालेच तर ब्रेक क्लीनरने ती स्वच्छ पुसावी.

पुष्कळजण स्प्रे मारून लगेच ओढायला लागतात. तेलाला अरुंद फटीत झिरपायला वेळ लागतो. किमान अर्धा तास द्यावा; घाई नसेल तर संध्याकाळी सोडून सकाळी काम करावे आणि मध्ये एकदा पुन्हा सोडावे. सकाळी पुन्हा नट सैल ठेवून गाडी हलवण्याचा उपाय करावा. चिवट चाकेही बहुतेक या टप्प्यावर सुटतात. अलॉयच्या पांढऱ्या क्षारावर तेलाचा परिणाम कमी होतो, म्हणून तिथे एका रात्रीऐवजी दोन रात्री द्याव्या लागल्या तरी द्याव्यात.

जोर लावायचाच असेल तर

गाडी घोडीवर पक्की बसलेली असावी आणि नट दोन-तीन फेरे चढवलेले असावेत, म्हणजे चाक अचानक सुटले तरी अंगावर पडणार नाही. जमिनीवर बसून, हात मागे टेकून, टाचेने टायरच्या डाव्या कडेवर आणि मग उजव्या कडेवर आळीपाळीने लाथा माराव्यात. मध्यावर मारून काहीच साधत नाही. कडेवरचा मार हा मधल्या कड्यासाठी तरफेसारखा काम करतो. दर चार-पाच लाथांनंतर चाक पाव फेरा फिरवावे, जेणेकरून गंजाच्या कड्यावर सगळीकडून ताण येईल.

तरीही न निघाल्यास लाकूड आणि घण. फणसाच्या किंवा आंब्याच्या लाकडाचा लांब तुकडा घेऊन त्याचे टोक आतल्या बाजूने टायरला, रिमच्या कडेजवळ टेकवावे आणि दुसऱ्या टोकावर घणाने ठोके द्यावेत. ठोके बाहेरच्या दिशेने आणि मध्यम जोराचे असावेत. ठोका, पाव फेरा, पुन्हा ठोका. हे काम गाडीच्या बाजूला बसून करायचे आहे, गाडीखाली शिरून नव्हे. पुढच्या चाकाचे स्टीअरिंग पूर्ण वळवून ठेवले की आतली बाजू उघडी पडते आणि खाली वाकावेही लागत नाही. लाकडाचे टोक ब्रेकच्या डिस्कवर, कॅलिपरवर, रबरी ब्रेकनळीवर किंवा डिस्कमागच्या पातळ पत्र्यावर टेकता कामा नये. अलॉयवर घण थेट मारला तर रिमला तडा जातो आणि तो तडा हवा धरणाऱ्या कडेला गेला की चाक भंगारात टाकावे लागते.

रिम आणि डिस्क यांच्यामध्ये पहार घालून उचकटण्याचा मोह टाळावा. डिस्क किंचितही वाकली तर पुढे ब्रेक मारताना पायाखाली थरथर जाणवत राहते आणि डिस्क बदलण्याचा खर्च चाक काढून देणाऱ्या कारागिराच्या मजुरीच्या कैक पटींनी अधिक येतो.

इथे थांबावे आणि कारागिराला बोलवावे

स्टड नटाबरोबर फिरू लागला, नटाचे कोपरे घासून पाना सरकू लागला किंवा एक जरी स्टड तुटला, तर काम तिथेच थांबवावे. तुटलेला स्टड बदलण्यासाठी हब उघडावा लागतो आणि काही गाड्यांत प्रेसही लागतो. उरलेल्या स्टडवर तात्पुरती गाडी चालवणे सुरक्षित नाही.

मागचे चाक ओढल्यावर ड्रमसकट बोटभर बाहेर येऊन अडकले, तर ते पुन्हा ओढू नये. ब्रेकशू ड्रमच्या आतल्या कडेला अडकलेले असतात आणि जोर केला तर त्यांच्या स्प्रिंगा सुटतात. चाक आत ढकलावे आणि मेकॅनिकची वाट पाहावी. उचललेले चाक वर-खाली धरून हलवल्यावर बेअरिंगमध्ये खडखड जाणवली, तरीही घण बाजूला ठेवावा. झिजलेल्या बेअरिंगला प्रत्येक ठोका थेट बसतो.

आणि गॅसची ज्योत कधीही स्वतः लावू नये. टायर बसलेल्या रिमला आच दिल्याने आतले रबर तापून वायू सोडते आणि टायर फुटून माणूस जागीच दगावू शकतो. हा स्फोट ज्योत विझवल्यानंतर काही मिनिटांनीही होऊ शकतो. हवा काढली म्हणजे धोका टळला असे समजू नये. बेअरिंगमधले ग्रीस आणि ब्रेकचे रबरी भाग वितळतात ते वेगळेच. ज्योत लावू पाहणाऱ्या कारागिरालाही नम्रपणे नाही म्हणावे आणि दुसरे गॅरेज गाठावे. परशुराम घाटात किंवा महामार्गाच्या वळणावर गाडी अडकली असेल तर वरचे कोणतेच उपाय न करता टोईंग मागवावे.

चाक निघाल्यावर

हे दुखणे दरवर्षी परत येते, कारण चाक निघाल्याच्या आनंदात हब तसाच ठेवून स्टेपनी चढवली जाते. खरी दुरुस्ती इथून सुरू होते. हबचा उंचवटा आणि रिमच्या भोकाची आतली कड तारेच्या ब्रशने घासावी, उरलेला गंज ८० नंबरच्या पॉलिश पेपरने काढावा. बोट फिरवल्यावर कुठेही उंचसखल लागू नये आणि धातू राखाडी दिसू लागावा. अलॉयच्या भोकावर तारेऐवजी पॉलिश पेपरच वापरावा. रिमची पाठ आणि हबचा सपाट भागही साफ करावा. तिथे राहिलेली खपली नट आवळताना दबून राहते, नंतर चुरून निघते आणि नट सैल पडतात.

मग हबच्या फक्त उंचवट्यावर अँटी-सीझ पेस्टचा (धातू एकमेकांना धरू नयेत म्हणून लावायच्या पेस्टचा) इतका पातळ थर द्यावा की खालचा धातू दिसत राहील. लोखंडी रिमला तांब्याची पेस्ट चालते. अलॉयला तांबे नसलेली घ्यावी, कारण तांबे आणि ॲल्युमिनियम यांची जोडी खाऱ्या ओलाव्यात झीज वाढवते. साधे ग्रीस वापरू नये. ते उष्णतेने पातळ होऊन ब्रेकवर उडते. स्टडच्या आट्यांना आणि नटाच्या बैठकीला काहीही लावू नये. तेलकट आट्यांवर तोच पाना तेवढ्याच जोराने आवळला, तरी स्टडवर ताण कितीतरी अधिक येतो आणि तो ताणून तुटतो.

नट समोरासमोरच्या जोडीने, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. बहुतेक लहान गाड्यांना साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटर इतका पीळ (टॉर्क) लागतो; नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. अंदाजासाठी, ३० सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला ३४ किलोंचा जोर लावला की १०० न्यूटन-मीटर होतात. सत्तर किलोंचा माणूस त्याच पान्यावर उभा राहिला, तर तो त्याच्या दुपटीहून अधिक पीळ देतो. पुढच्या वेळी नट न सुटण्याचे ते एक मोठे कारण आहे.

वर्षातून दोनदा, मे महिन्यात पावसाआधी आणि दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरल्यावर, चारही चाके एकदा काढून हब पुसावेत आणि त्याच वेळी चाकांची अदलाबदलही करून घ्यावी. मुंबईहून गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांनी निघण्यापूर्वी एकदा पाना फिरवून पाहिला, तरी वाटेत पंक्चर झाल्यावरची पंचाईत टळते. गाडी पुळणीवर गेली असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने चाकांची आतली बाजू धुवावी. चाक नव्याने बसवल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटर चालवून झाल्यावर, गाडी थंड असताना, सगळे नट त्याच आकड्यावर पुन्हा एकदा तपासावेत.